एपफ्रदीत घरी येतो

(आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांच्या विश्रांतीविषयी अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : फिलिप्पै २:२५–३०, प्रेषितांची कृत्ये १६:२५–३४, मार्क ६:३०–४६, लूक १०:३०–३५, १ राजे १९:१–८.



फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्या मंडळ्यांत चांगला परिचयाचा आहे. ख्रिस्ताच्या नम्रतेविषयीचा त्यातील भाग उत्तम शुक्रवारच्या सुमारास वाचला जातो व मुलांकडून पाठही करून घेतला जातो. परंतु त्याच अध्यायाच्या अखेरीस सहा वचने अशी आहेत की, तेथे आले म्हणजे बहुतेक उपदेशक पान उलटतात. मीही पुष्कळ वर्षे उलटीत असे. त्यांत सिद्धान्त नाही, आज्ञाही एखाददुसरीच. एका मनुष्याचे आजारपण व त्याचे घरी परतणे एवढीच हकीकत आहे. ह्या आठवड्यात तीच सहा वचने घ्यावयाची आहेत. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून ज्या कन्या परिचारिकेचे काम शिकून शहरांतील रुग्णालयांत गेल्या आहेत, त्यांच्याशी व त्यांना पाठविणाऱ्या आपणांशी ह्या वचनांचा निकट संबंध आहे.

प्रथम हकीकत पाहू. पौल बंदिवासात होता. त्या काळी बंदिवानाचे अन्नवस्त्र बहुतांशी त्याच्या आप्तमित्रांनीच पाहावे लागे. ही बातमी फिलिप्पैस पोहोचली तेव्हा तेथील मंडळीने वर्गणी जमविली व ती एपफ्रदीताच्या हाती पाठविली (४:१८). तो केवळ पैसे पोहोचविण्यास गेला नव्हता. पौलाजवळ राहून त्याची गरज भागवावी, अशी त्याची नेमणूक होती. हे काम करीत असता तो आजारी पडला व मरणाच्या दारापर्यंत गेला. कोणता आजार, हे पौल सांगत नाही. परंतु तो कशामुळे आला हे तिसाव्या वचनात स्पष्ट सांगतो. ख्रिस्ताच्या कामामुळे तो आला. दुसऱ्याची सेवा करणारा मनुष्य त्या सेवेनेच अंथरुणास खिळला.

येथे एक गोष्ट वर्गाच्या नजरेस अवश्य आणावी. ज्या पौलाच्या हातून इफिसात व पुढे मेलिता बेटावर आजारी बरे झाले, त्याच पौलाच्या उशाशी त्याचा प्रिय सहकारी कित्येक दिवस तापत पडला असेल. पौल म्हणत नाही की, एपफ्रदीताचा विश्वास उणा पडला. त्याच्या एखाद्या गुप्त पापाचा शोधही तो घेत नाही. देवाने त्याच्यावर दया केली व माझ्यावरही केली, एवढेच तो सांगतो. आपल्यामध्ये मात्र एखादी परिचारिका आजारी पडली की, "इतक्यांना बरे करणारी स्वतःच कशी पडली?" असा प्रश्न कोणी तरी विचारतोच, आणि तो थट्टेने विचारला तरी ऐकणारीस बोचतो.

आता पौलाने काय केले ते पाहा. एपफ्रदीत बरा झाल्यावर पौलाची गरज संपली होती काय? नाही. त्याच्या साखळ्या तशाच होत्या. "आता तुझ्या अंगी बळ आले, तर चार महिने आणखी राहा," असे पौलाने म्हटले असते, तर त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु त्याने पाहिले की, हा मनुष्य आपल्या घरच्यांसाठी कासावीस झाला आहे. आपल्या आजाराची वार्ता त्यांना कळली, ह्याचेच त्याला दुःख होत आहे. पौलाने त्याला घरी पाठविले, आणि तेही मोठ्या उत्सुकतेने. मग त्याने मंडळीस जे लिहिले ते ह्या पाठाचे मर्म होय : त्याला प्रभूमध्ये पूर्ण आनंदाने घरात घ्या, आणि अशा माणसांचा मान राखा.

हे लिहिण्याची गरज का पडली? स्वागत तर कोणीही करील! माझ्या समजुतीने पौल मंडळ्यांचा स्वभाव ओळखून होता. आपण वर्गणी दिली, मनुष्य नेमला, प्रार्थना करून पाठविला, आणि तो काम अर्धे टाकून परत आला, असे कोणी म्हणू नये म्हणून पौलाने आपल्या हातची साक्ष त्याच्याजवळ दिली. भाऊ, सहकारी, सहसैनिक, तुमचा प्रतिनिधी व माझी गरज भागविणारा, अशी पाच नावे त्याने त्यास दिली आहेत. थकून परतणाऱ्याच्या हातात ह्याहून थोर शिफारसपत्र कोणते असणार?

शिवाय ज्या मंडळीस हे लिहिले तिचा आरंभही ध्यानात घ्यावा. कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात त्या नगरच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याची गोष्ट आहे. भूमिकंप झाला, बेड्या गळून पडल्या, आणि त्या मनुष्याने त्याच रात्री पौल व सीला ह्यांच्या पाठीवरील फटक्यांच्या जखमा धुतल्या. मग त्यांना घरी नेऊन त्यांच्यापुढे ताट वाढले. ह्या मंडळीतील पहिल्या कृत्यांपैकी एक कृत्य म्हणजे परिचारिकेचेच काम! जखमा धुणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. तरी पौलाने तिलादेखील आठवण करून दिली. मग आपली काय कथा?

आपली कथा मी स्वतःच्या दोषापासून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होतो, तेथील एक मुलगी शहरातील एका रुग्णालयात परिचारिका होती. ती चार दिवसांच्या रजेवर शुक्रवारी रात्री एस.टी.ने घरी आली. शनिवारी सकाळी सात वाजता मीच तिच्या घरी निरोप पाठविला की, वस्तीच्या टोकास एक म्हातारे बाबा अंथरुणावर आहेत, त्यांच्या पाठीस जखम झाली आहे, तेवढी बघून जावी. ती गेली. येताना तिला दोन घरांनी रक्तदाब पाहण्यास थांबविले, तिसऱ्या घरी एका लेकराचा फोड होता. दुपारी तिने घरच्या गोधड्या ओढ्यावर नेऊन धुतल्या. मुलगी आली आहे तर एवढे होईल, असे घरचे म्हणाले. संध्याकाळी गायनाच्या तालमीस मी तिला बोलाविले, कारण तिचा आवाज चांगला. रविवारी उपासनेत ती बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली. मी व्यासपीठावरून ते पाहिले आणि उपदेशाच्या ओघात, खिडकीत बसून झोपी गेलेल्या व खाली पडलेल्या युतुखाचे नाव घेतले. लोक हसले. तिने मान खाली घातली.

सोमवारी पहाटेच्या गाडीने ती परत गेली. नंतर तिची आई माझ्याकडे आली व म्हणाली, "पाळकसाहेब, पोरगी सलग सात रात्री जागून आली होती. जाताना म्हणाली, आई, पुढची रजा मी वॉर्डातच काढीन. तिथे निदान पाळी तरी संपते." पुढे दोन वर्षे ती गावी आली नाही. मी क्षमेचे पत्र लिहिले. तिचे उत्तर आले, त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. त्यामुळे ते मला अधिकच लागले. युतुखाच्या गोष्टीतही पौलाने खाली जाऊन त्या तरुणास कवटाळले होते. तेवढे मी त्या दिवशी सांगितले नव्हते.

बंधूंनो, ह्या कामाचा शीण कसा असतो, हे शेतीचे कष्ट करणाऱ्या आपणांस समजणे कठीण जाते. आपला शीण हातापायांत असतो व रात्रीच्या झोपेने उतरतो. परिचारिकेची रात्रच कामात जाते. देवाने आपल्या देहात एक घड्याळ ठेवले आहे. पहाटेच्या सुमारास देहाची उष्णता सर्वांत कमी होते आणि झोप सर्वांत अनावर होते. त्याच वेळी तिला सलाइनचे थेंब मोजावे लागतात. मग दिवसा ती निजते, तर तेच घड्याळ तिला जागे करू पाहते. म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा थोडकी व वारंवार मोडणारी असते. सात रात्रींनंतर तिच्यावर जे कर्ज चढलेले असते ते एका दुपारी फिटत नाही.

हे कर्ज रोग्यासही भरावे लागते. ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, सलग १७ तास जागलेल्या मनुष्याचे हात व लक्ष हे, १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या मनुष्याइतके ढिले पडतात. आपल्या देशात वाहन चालविणाऱ्याच्या रक्तात हेच प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की तो गुन्हेगार ठरतो. आपण दारूचा निषेध करणारी मंडळी. पण झोपेविना राबविलेली परिचारिका औषधाची सुई भरते तेव्हा आपल्या मनात काही येत नाही. अमेरिकेत २००४ साली परिचारिकांच्या पाळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेबारा तास वा अधिक लांबलेल्या पाळीत चूक होण्याचा संभव तिपटीने वाढतो, असे त्यात दिसून आले. तेव्हा परिचारिकेने निजणे हे रोग्याचेही हित आहे.

शरीराच्या शिणाहून खोल असा दुसरा एक शीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे येणाऱ्या ह्या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली : शक्ती आटून गेल्यासारखे वाटणे, आपल्या कामाविषयी मन दुरावणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही अशी भावना. ह्यांतील दुसरे लक्षण मंडळीने विशेष ओळखावे. जी मुलगी पूर्वी रोग्यांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना मागत असे, ती त्यांस खाटेच्या क्रमांकाने बोलू लागते, कोणी मेले तरी "रोजचेच आहे" म्हणते. आपण म्हणतो, शहरात जाऊन हिचे अंतःकरण कठीण झाले. बहुधा ते कठीण झालेले नसते. त्यातले तेल संपलेले असते. २०२० व २०२१ सालच्या करोना साथीत कित्येक परिचारिका तासचे तास बंद पोशाखात, पाण्याचा घोट न घेता उभ्या राहिल्या व अनोळखी माणसांच्या शेवटच्या क्षणी त्यांच्याजवळ एकट्याच होत्या. त्या अनुभवाविषयी त्यांना किती मंडळ्यांनी शांतपणे बसून विचारले असेल?

ह्या कामात आपल्या मंडळ्यांचा वाटा जुना आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, त्या काळी परक्याच्या देहाची शुश्रूषा करणे हे काम हलके समजून पुष्कळ घराणी आपल्या मुलींस त्यापासून दूर ठेवीत. हिंदुस्थानात दीर्घकाळ ह्या कामास मुख्यत्वे ख्रिस्ती मुलीच पुढे आल्या, आणि त्यांतील पुष्कळ अशाच लहान मंडळ्यांतून आल्या. पाठविणे आपण शिकलो. परत घेणे शिकलो नाही.

पाठविणे व परत घेणे ही दोन्ही जेथे विचारपूर्वक झाली, असे एक ठिकाण सांगण्याजोगे आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कैसरव्हेर्थ नावाच्या गावी १८३६ साली थिओडोर फ्लीडनर नावाच्या एका पाळकाने व त्यांच्या पत्नी फ्रेडरिका ह्यांनी सेविकांचे गृह स्थापिले. तेथे शिकलेल्या सेविका आजाऱ्यांच्या शुश्रूषेस ठिकठिकाणी जात. त्यांच्या गृहास 'मातृगृह' म्हणत, आणि ते नाव पोकळ नव्हते : सेविका आजारी पडली किंवा वृद्ध झाली म्हणजे तिचा सांभाळ त्या गृहाने करावयाचा, असा नियम होता. लहान मंडळीच्या एका पाळकास हे सुचले, ही गोष्ट आपण पाळकांनी मनावर घ्यावी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या १८५१ साली काही महिने ह्याच ठिकाणी राहून गेल्या. त्यांचे चरित्र मुलांच्या पुस्तकांत दिव्यापर्यंतच येऊन थांबते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रिया बरोबर घेऊन त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. १८५५ च्या मे महिन्यात त्यांना भयंकर ताप आला. जनावरांच्या कच्च्या दुधातून माणसास होणारा ब्रुसेलोसिस हाच तो आजार असावा, असा अलीकडच्या काही वैद्यांचा कयास आहे. त्या युद्ध संपेपर्यंत राहिल्या व १८५६ साली मायदेशी परतल्या, तेव्हा त्यांचे वय ३६ होते. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांचा बहुतेक काळ अंथरुणावर व एका खोलीतच गेला. त्या ९० वर्षे जगल्या, १९१० साली वारल्या. आणि दिवा घेऊन फिरण्याचा त्यांचा काळ दोन वर्षांचादेखील नव्हता. पुढचे सारे काम, परिचारिकांची शाळा, ग्रंथ, अहवाल, हे एका आजारी स्त्रीने दारे बंद करून, भेटणाऱ्यांस मोजका वेळ देऊन केले आहे.

१८५९ साली त्यांनी शुश्रूषेविषयी जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील विचार असा की, तू हजर असता जे होते, ते तू नसतानाही व्हावे, अशी तजवीज करणे हाच शुश्रूषेचा मोठा भाग आहे. माझ्यावाचून काहीच चालत नाही, असा अभिमान बाळगणे म्हणजे आपली व्यवस्था अपुरी असल्याची कबुलीच होय. परिचारिकांनो, हा विचार फार मोलाचा आहे.

आणि हा विचार प्रभूच्या दाखल्यातही आहे. लूक हा वैद्य होता, आणि चांगल्या शोमरोन्याचा दाखला केवळ त्याच्याच शुभवर्तमानात आढळतो. आपण शोमरोन्याचा पहिला दिवस सांगतो : तेल, द्राक्षारस, पट्ट्या, आपल्या जनावरावर बसविणे. दुसऱ्या दिवशी काय झाले? तो निघून गेला! जखमी अजून बरा झाला नव्हता. शोमरोन्याने एक रात्र त्याची काळजी घेतली, सकाळी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दोन दिनार दिले (एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी), अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले, आणि तो आपल्या प्रवासास लागला. प्रभूने त्यास पळपुटा म्हटले नाही. त्यालाच शेजारी म्हटले. रुग्णालयात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीस रोग्यांची हकीकत सांगून सोपवून देते, ते हेच कृत्य होय. ते नीट करावे, काही लपवू नये, घाई करू नये. आणि एकदा सोपविल्यावर घरी येऊन मनाने पुन्हा त्याच खाटेभोवती घिरट्या घालू नयेत. रखवालदार आता जागा आहे.

येथे कोणी म्हणेल, "हा तर आळसाचा उपदेश झाला, प्रभूने वधस्तंभ उचलावयास सांगितले आहे." शंका योग्य आहे, तिचे उत्तर मार्काच्या सहाव्या अध्यायात पाहावे. शिष्य सेवा करून आले. लोकांच्या ये-जा मुळे त्यांना जेवण्यास सवड नव्हती. प्रभूने स्वतः त्यांना एकांतात विश्रांतीस नेले. परंतु लोक आधीच धावत जाऊन तेथे उभे! रजा रद्द होण्याचा हा अनुभव प्रत्येक परिचारिकेस आहे. प्रभूने लोकांस हाकलून दिले नाही. त्याला कळवळा आला, त्याने शिकविले व पाच हजारांस जेवू घातले. आपण येथेच थांबतो आणि म्हणतो, पाहा, सेवा हीच विश्रांती! पण पुढे ४५ वे व ४६ वे वचन आहे. लोक जेवताच प्रभूने शिष्यांस तारवात बसवून पुढे पाठविले, लोकांना निरोप दिला, आणि आपण प्रार्थनेस डोंगरावर गेला. विश्रांती काही घटका लांबली, पण नाहीशी झाली नाही. कधी कधी पाळी लांबेल, हे खरे; परंतु ४४ व्या वचनावरच ज्यांचा महिना उभा आहे, त्यांच्यावर अन्याय होत आहे. तो अन्याय अधिकाऱ्यांस नम्रतेने व लेखी कळविणे हे परिचारिकेचे कर्तव्य होय.

परिचारिका भगिनींसाठी दोन गोष्टी. ईजबेलीच्या धमकीने पळालेला एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्यास उपदेश पाठविला नाही. झोप दिली. मग भाकर व पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर व पाणी. होरेबावरील वाणी चाळीस दिवसांनी आली. म्हणून रात्रपाळीहून आल्यावर प्रार्थना सुटली, ह्या भीतीने डोळे ताणीत बसू नका. चार शब्दांत स्वतःस देवाच्या हाती सोपवा, निजा, आणि उठल्यावर प्रार्थना करा. पाळीच्या अखेरच्या तासांत चहा घेऊ नका; त्याचा अंमल पाच-सहा तास राहतो व झोप चोरतो. लघवीस जाण्यास सवड मिळत नाही म्हणून पाणीच न पिण्याची खोड पुष्कळ जणींस लागते. तिच्यापायी मूत्राचे विकार जडतात. आणि वॉर्डात रोग्याकडून रोग्याकडे जाताना साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत, असा नियम आहे. ती घाईने उरकण्याची वेळ नव्हे. तेवढा वेळ पाण्याखाली हात धरून खांदे सैल सोडावे, मागच्या खाटेचे ओझे तेथेच ठेवावे व पुढच्या रोग्याचे नाव देवापुढे घ्यावे. दिवसात अशी वीस-पंचवीस स्थळे तुम्हांस आपोआप मिळतात.

आता मंडळीकडे वळू, कारण पौलाने आज्ञा मंडळीस केली आहे. एपफ्रदीत फिलिप्पैहून पैसे घेऊन गेला. आपल्या मुली शहरातून पैसे घेऊन येतात. भावाची फी, बहिणीचे लग्न, घरावरचे पत्रे, हे सारे तिच्या पगारातून. आणि ते पुरे पडावे म्हणून ती एकावर एक पाळ्या घेते. आईबापांनो, तिने किती पाठविले हे विचारण्यापूर्वी, ती किती निजते, हे एकदा विचारा.

त्या प्रसंगानंतर आमच्या पंचमंडळाने काही साध्या गोष्टी ठरविल्या. परगावी शुश्रूषेचे काम करणारी कोणीही व्यक्ती रजेवर आली म्हणजे पहिले तीन दिवस तिच्याकडे आजारी न्यावयाचा नाही. निकड असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयाचा, व त्याच्या गाडीभाड्याची व्यवस्था दीनसाहाय्य निधीतून करावयाची. त्या दिवसांत तिच्या घरचे पाणी व धुणे महिलामंडळाने वाटून घ्यावयाचे. उपासनेत तिला गाणे, साक्ष किंवा शाब्बाथ शाळेचा वर्ग ह्यांपैकी काहीही सांगावयाचे नाही. ती आली तर मागच्या बाकावर बसेल, नाही आली तर तिच्याविषयी चौकशी नाही. रविवारी कामावर असल्यामुळे ज्यांना महिनोन्महिने प्रभुभोजन मिळत नाही, त्यांना ते आठवड्यातील कोणत्याही वारी देण्यास पाळकाने तयार असावे. निर्गमाच्या २३ व्या अध्यायातील बारावे वचन पाहा : विसाव्याचा दिवस नेमताना देवाने दासीच्या मुलाचा व परक्याचाही दम घेण्याचा हक्क ध्यानात ठेवला होता.

पहिल्या वर्षी ह्या ठरावावर कुरकुर झाली. एक वृद्ध पंच म्हणाले, "आमच्या बायकांना कोणी तीन दिवस दिले?" हा प्रश्न मी येथे मुद्दाम लिहितो, कारण तो खरा आहे. ज्या घरी सून कित्येक वर्षे अंथरुणास खिळलेल्या सासूचे सारे करते, तीही परिचारिकाच आहे. तिला तर पाळी बदलून घेणारी कोणीच नाही. गावची आशाताई अर्ध्या रात्री बाळंतिणीबरोबर जाते व सकाळी आपल्या चुलीपुढे बसते. आमच्या महिलामंडळाने नंतर अशा एका घरी दर गुरुवारी दुपारी दोन बायका पाठविण्यास आरंभ केला. त्या सासूबाईंजवळ बसतात, आणि सून शेजारच्या घरी जाऊन निजते. पहिल्या गुरुवारी तिला झोप येईना. सारखी उठून दाराशी येत होती.

उपदेशक बंधूंनी वर्गात पुढील प्रश्न विचारावेत. शोमरोनी निघून गेल्यावर जखमी मनुष्यास दुसऱ्या दिवशी भाकर कोणी दिली? एपफ्रदीत फिलिप्पैच्या वेशीवर आला तेव्हा तेथील लोक प्रथम काय बोलले असतील, आणि पत्र वाचून झाल्यावर काय बोलले असतील? आपल्या मंडळीतून शुश्रूषेच्या कामास गेलेल्यांची नावे फळ्यावर लिहा. त्यांतील प्रत्येक जण मागच्या रजेत किती दिवस घरी होती व त्या दिवसांत तिने काय काय केले, हे तिच्या घरच्यांनी सांगावे. आजाऱ्याची सेवा करीत असल्यामुळे उपासनेस येऊ न शकणारे कोणी आपल्या वस्तीत आहे काय, आणि येत्या गुरुवारी तेथे कोण जाईल?